गाडगेबाबांचा खराटा

घनकचरा व्यवस्थापन हा शब्द आज नगरपालिकेच्या घंटागाडीवर आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीतही आढळतो. कचरा जो करतो त्यानेच तो ओला, सुका आणि घातक असा वेगळा करावा, असे बंधन २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर घातले. महाराष्ट्रात गावाचा केर ही गावाचीच जबाबदारी आहे हे पायी हिंडून शिकविणारा पुरुष मात्र निरक्षर होता.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखीत आणि शेतात राबत ते वाढले. सावकाराने मामाची जमीन कशी गिळली, हेही त्यांनी तेथेच पाहिले. १९०५ च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हाती खराटा. लोकांनी टाकून दिलेले तेवढेच त्यांनी आपले मानले. पांसुकूल चीवराची परंपरा जाणणाऱ्या आपल्या वाचकांस या वेषाचे नवल वाटू नये, जरी बाबा अखेरपर्यंत कीर्तनाच्याच वाटेने चालले.

गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत आणि गटारे उपशीत. हा वेडा कोण, म्हणून गावकरी जमत. मग लाजून एकेक जण हात लावी. रात्री कीर्तन होई. त्यात कर्ज, दारू, पशुबळी आणि अस्पृश्यता यांचा समाचार घेतला जाई, आणि मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरला जाई.

त्या काळचा केर म्हणजे बहुतांशी शेण, राख, पालापाचोळा आणि उष्टे. तो उघड्या उकिरड्यावर पडला की माशा होतात, पावसात त्याचे पाणी विहिरीकडे मुरते. तोच खड्ड्यात मातीचे थर देऊन, ओलावा राखून झाकला तर काही महिन्यांत खत होते. आज त्यात प्लास्टिक, काच, बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधे मिसळली आहेत. भाजीच्या देठांत भिजलेला कागद भंगारवालाही घेत नाही, आणि काचेचे तुकडे पडलेले खत शेतकरी घेत नाही. म्हणून वेगळे करणे हे घरातच, टोपलीत टाकण्यापूर्वीच व्हावे लागते. गाडीवर चढल्यानंतर ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी उघड्या हातांवर पडते.

ते हात कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. मेलेले ढोर ओढणे, रस्ते झाडणे, मैला उचलणे ही कामे जन्मावरून वाटून दिलेली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत मांस आणि असली हीन मानलेली कामे टाकून देण्यास सांगितले. त्याच वर्षांत गाडगेबाबा पाटील-सावकारांच्या दारात खराटा चालवून तो त्यांच्याही हाती देत होते. एकाने लादलेले काम खाली ठेवावयास शिकविले, दुसऱ्याने ज्याचे होते त्यास ते उचलावयास लावले. या दोन गोष्टी आम्हांस एकाच कार्याच्या दोन बाजू वाटतात. पहिलीशिवाय दुसरीचे नुसते कौतुक केले, तर स्वच्छतेचे गोडवे गात झाडू पुन्हा जुन्याच हातांत राहतो. आजच्या कित्येक मोहिमांत छायाचित्रापुरता खराटा धरला जातो, तेव्हा हेच घडते.

कीर्तनातून जमलेला पैसा बाबांनी स्वतःसाठी वापरला नाही. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी, बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या मुक्कामाची वास्तू शिक्षणसंस्थेस देताना त्यांना काही वेगळे करीत आहोत असे वाटले नसावे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला.