बी. पी. पाल आणि गव्हावरचा तांबेरा

हरितक्रांतीचा इतिहास आपण बहुधा १९६५ पासून सांगू लागतो. मला तो तीन दशके आधी, बिहारमधील पुसा येथून सुरू करावासा वाटतो. पंजाबात १९०६ साली जन्मलेले, ब्रह्मदेशात वाढलेले बेंजामिन पिअरी पाल केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन १९३३ मध्ये तेथील इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढल्याच वर्षी भूकंपाने संस्थेची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली.

हॉवर्ड दांपत्याने पुशात सिद्ध केलेला गहू दाण्याला उत्तम होता, पण तांबेऱ्यापुढे टिकत नव्हता. ही बुरशी पानाखोडांवर पुरळासारखी फुटते आणि दाणा चिरमटतो. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी दाखवून दिले होते की मैदानी उन्हाळ्यात ती तग धरत नाही; डोंगराळ प्रदेशांतून वाऱ्याबरोबर दरसाल नव्याने येते. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या हाती म्हणूनच फारसा उपाय नव्हता. प्रतिकारशक्ती बियाण्यातच आणायला हवी होती. त्यातून तांबेरे तीन, काळा, पिवळा व तपकिरी, आणि प्रत्येकाच्या अनेक जाती. एकीला पुरून उरणारे रोप दुसरीला बळी पडते. जगभरच्या गव्हांतून नवी जनुके शोधण्याची निकड पालांनी १९३७ सालीच लिहून मांडली होती.

मध्य भारतात १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने हाहाकार केला. तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा ‘एन. पी. ८०९’ हा वाण १९५४ मध्ये आला. प्रशासनात असताना दरसाल फलनिष्पत्ती विचारणाऱ्या फायली मी पुष्कळ पाहिल्या. त्या कसोटीवर हे काम चाळीसच्या दशकातच गुंडाळले गेले असते.

पाल १९५० पासून पंधरा वर्षे संस्थेचे संचालक होते. १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालकपद शास्त्रज्ञाकडे, म्हणजे त्यांच्याकडे, गेले. निवृत्त प्रशासक असूनही तो निर्णय मला योग्यच वाटतो. अविवाहित पालांचा उरलेला जीव गुलाबांत होता. त्यांनी स्वतः अनेक वाण निर्माण केले. १९८९ मध्ये ते निवर्तले.

‘८०९’ उंच होता; भरपूर खत दिले की असा गहू लोळतो. त्यामुळे शेते बुटक्या वाणांनी व्यापली. त्यांतला ‘कल्याणसोना’ अफाट पसरला आणि सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी तपकिरी तांबेऱ्यापुढे नमला. तेव्हा पुन्हा नवी जनुकेच हवी होती. पालांच्या वनस्पतिशास्त्र विभागात १९४६ साली सुरू झालेली परदेशी वाण जमवण्याची योजना वाढत वाढत १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा ब्युरो झाली.