सिद्धगडचे हुतात्मा भाई कोतवाल आधी नगरपालिकेत निवडून आले होते!

मुरबाड : सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात, हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन करतात. मुरबाड-शहापूरच्या पोरांना गोळीबाराची गोष्ट तोंडपाठ आहे. पण हेच भाई त्याआधी निवडणूक लढवून नगरपालिकेत बसले होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, गरीब नाभिक कुटुंबात झाला. शिकून ते वकील झाले. शहरात राहून चार पैसे कमावता आले असते. पण ते आपल्या माणसांत परत आले.

त्या काळी पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकरी, कातकरी, ठाकूर सावकाराच्या दारात जायचे. वाढीदिढीचं कर्ज काही फिटायचं नाही. भाईंनी यावर धान्यकोठी काढली. गरिबांचे खटले चालवले, खेड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या.

१९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेत निवडून आले आणि उपाध्यक्ष झाले. वय तिशीच्या आत! तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क नव्हता. अधिकार थोडे, तरी त्या खुर्चीवरून लोकांचं जेवढं काम करता येईल तेवढं त्यांनी केलं.

१९४२ ला चले जाव आंदोलन पेटलं आणि भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी घेरलं. भाई आणि हिराजी पाटील तिथेच धारातीर्थी पडले. भाईंचं वय अवघं ३० वर्षं.

आज १८ व्या वर्षी मत देता येतं, २१ व्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची बरीच गावं पेसा क्षेत्रात आहेत, म्हणजे इथल्या ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. तरी ग्रामसभेला तरुण किती दिसतात? भातसा, तानसा, वैतरणा धरणं शहापूरच्या उशाशी, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. नळयोजना कुठे हवी, आलेला पैसा कुठे गेला, हे विचारायची पहिली जागा ग्रामसभाच. तिथे कुणी बोललंच नाही, तर चार जण ठरवतील तेच होणार.

२ जानेवारीला सिद्धगड चढणाऱ्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही जावं. भाईंना एवढा हक्कसुद्धा मिळाला नव्हता.