कप्तान स्लोकम यांची नौका

एकरुखच्या तलावासच सागर समजणाऱ्या आम्हा सोलापूरकरांस शिडाच्या होडीत बिऱ्हाड करणाऱ्या माणसाचे नवल वाटावे, हे साहजिक आहे. जोशुआ स्लोकम यांचा जन्म १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. खलाशापासून ते कप्तानपदास चढले. त्यांची मुलेही जहाजावरच वाढली. परंतु १८८४ साली पत्नी व्हर्जिनिया निवर्तल्या, १८८७ साली जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले, आणि आगबोटींपुढे शिडांच्या जहाजांस कोणी विचारीना.

१८९२ साली अमेरिकेतील फेअरहेवन गावी एका स्नेह्याने त्यांस ‘स्प्रे’ नावाची जीर्ण नौका दिली. नोहाच्या तारवासारखी ती शेतात टेकूंवर उभी होती! कप्तानांनी जवळचा ओक वृक्ष तोडून नौकेचा नवा कणा घडविला, लाकडे वाफेवर मऊ करून वाकविली, आणि एकेक कुजका भाग काढून नवा बसविला. यातून प्राप्ती काय, असे येणारेजाणारे विचारीत. तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्ची पडले.

द्वितीय पत्नी हेन्रिएटा जमिनीवरच राहिल्या. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, कप्तान बोस्टनहून एकटेच निघाले. क्रोनोमीटरच्या दुरुस्तीस १५ डॉलर पडत, म्हणून वाटेत एक डॉलरचे साधे घड्याळ घेतले. पोहता तर येतच नव्हते! २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्ट बंदरी परतले, तेव्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले नाविक ठरले. (आपल्याकडील कमांडर दिलीप दोंदे यांनी अशीच प्रदक्षिणा २००९-१० मध्ये मुंबईहून केली.)

१९०९ च्या सुमारास कप्तान त्याच नौकेतून पुन्हा निघाले. त्यानंतर ना ते कोणास दिसले, ना ‘स्प्रे’.