आइस्क्रीम, वल्ही आणि ओले एव्हिनरूड

शोधकांची चरित्रे म्हटली की आपल्यापुढे एडिसन येतो, फार तर राइट बंधू येतात. ओले एव्हिनरूड हे नाव आपल्या क्रमिक पुस्तकांत कधी आले नाही. परंतु कोकणातल्या एखाद्या बंदरावर लहान होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले आणि दांडा धरून हाताने वळवायचे यंत्र ज्याने पाहिले आहे, त्याने या माणसाचे काम पाहिले आहे. इंजिन होडीच्या पोटात न बसता बाहेर लटकते, म्हणून त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात.

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतील वार्डाल या भागात झाला. (नाव नॉर्वेत अगदी साधे, मराठीत त्याचा अर्थ भिजलेला असा व्हावा हा योगायोग मात्र मोठा गोड आहे.) तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात रिप्ली तलावाजवळ शेती करू लागले. शाळा लवकर सुटली. पोराला वेड होडीचे आणि यंत्रांचे. त्याने हौसेने बांधलेली पहिली होडी वडिलांनी सरपणासाठी फोडली आणि त्याने चोरून दुसरी बांधली, असे सांगतात. सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरी गेला. दिवसा यंत्रांच्या कारखान्यात राबायचे आणि उरल्या वेळात स्वतःच पुस्तके वाचून गणित आणि यंत्रशास्त्र शिकायचे, असा त्याचा क्रम होता. पुढे पिट्सबर्ग, शिकागो अशी गावे करून तो मिलवॉकीत स्थिरावला. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. व्यवहारात मात्र तो कच्चा होता. हिशेब राहायचे, पत्रांना उत्तरे जायची नाहीत.

ही बाजू सावरली बेस कॅरी या तरुणीने. ती व्यापारी शिक्षण घेत होती आणि त्याच्या पत्रव्यवहारात मदत करी. १९०६ साली दोघांचा विवाह झाला.

आता आइस्क्रीमची प्रसिद्ध गोष्ट. ओकाउची तलावातल्या बेटावर मंडळी सहलीला गेली होती. ऊन मी म्हणत होते. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारत काठावर गेला आणि आइस्क्रीम घेऊन परतला; तोवर त्याचे पाणी झाले होते. दोन-अडीच मैलांच्या त्या फेरीत त्याला मोटरची कल्पना सुचली म्हणतात. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणे ही गोष्टही थोडी फुगली असेल. शिवाय होडीला बाहेरून यंत्र लावणारा तो पहिलाच नव्हे. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकनाच्या मोटरी त्याच्या आधी बाजारात होत्या. ओलेचे श्रेय निराळे आहे. त्याने साध्या माणसाला भरवशाने वापरता येईल असे यंत्र केले.

त्याची मांडणी अशी : वर आडवे चाक, त्याखाली पेट्रोलचे लहान इंजिन, इंजिनातून सरळ खाली पाण्यात जाणारा उभा दांडा, आणि तळाशी दातेरी चाकांची जोडी. उभ्या दांड्याचे फिरणे ही जोडी काटकोनात वळवून पंख्याला देते. पहिल्या मोटरीचे वजन ६२ पौंड आणि शक्ती दीड अश्वशक्ती. बेसला ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी दिसली! पण एका मित्राने ती उसनी नेली आणि परतला तो दहा मोटरींची मागणी घेऊनच. १९०९ मध्ये विक्री सुरू झाली आणि १९११ मध्ये पेटंट मिळाले. जाहिराती बेस लिही. वल्ही फेकून द्या, असे तिचे लोकांना सांगणे होते, आणि लोकांनी ते मनावर घेतले. स्कँडिनेव्हियातल्या कोळ्यांकडूनही मोठी मागणी आली.

यानंतरचा भाग चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला मात्र तोच महत्त्वाचा वाटतो. कामाच्या ताणाने बेसची प्रकृती ढासळली. धंदा भरभराटीत असताना, १९१४ च्या सुमारास, ओलेने आपला हिस्सा ख्रिस मायर या भागीदाराला विकला आणि पाच वर्षे या व्यवसायात न पडण्याचे मान्य केले. कारखाना गेला आणि त्यावरचे स्वतःचे नावही गेले. पती-पत्नी लहानग्या राल्फला घेऊन प्रवासाला निघाली.

मुदत संपली तेव्हा बेस सावरली होती आणि ओलेच्या डोक्यात नवी मोटर तयार होती. ही दोन सिलिंडरांची, बरीचशी ॲल्युमिनियमची, तीन अश्वशक्तीची, आणि वजन अवघे ४८ पौंड. त्याने ती आधी मायरलाच देऊ केली. मायरने नाकारली. मग १९२१ मध्ये नवरा-बायकोने नवी कंपनी काढली. एव्हिनरूड या नावाखाली दुसराच माणूस मोटरी विकत असल्याने स्वतःचे आडनाव वापरण्याची सोय नव्हती. म्हणून मोटरीच्या वर्णनाची आद्याक्षरे जोडून एल्टो हे नाव ठेवले. एल्टो चालली, इतकी की १९२९ मध्ये जुनी एव्हिनरूड कंपनी, एल्टो आणि लॉकवुड या तिघी एकत्र आल्या आणि ओले त्यांचा अध्यक्ष झाला. नाव घरी परतले, पण लगेच महामंदीने गाठले. १९३३ मध्ये बेस गेली. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी ओलेही गेला. कारभार राल्फने पुढे नेला.

ती कंपनी पुढे फार मोठी झाली, २००० साली दिवाळखोरीत गेली, नव्या मालकांकडे आली आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन थांबले. जुन्या मोटरी मात्र अजून पाण्यावर आहेत, आणि त्यांचे आयुष्य एका काडीएवढ्या भागावर टिकून असते. त्याला शिअर पिन म्हणतात. अनेक बनावटींच्या जुन्या मोटरींत ती सापडते. पंखा दांड्याला या पिनेने जखडलेला असतो आणि पिन मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. पंखा खडकावर आपटला की पिन तुटते आणि आतली महागडी दातेरी चाके वाचतात. इंजिन ओरडते, होडी मात्र जागची हलत नाही. मग इंजिन बंद करायचे, चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची तार काढायची आणि मोटर वर उचलायची. पंख्यामागची स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, टोपण किंवा नट सोडवून पंखा काढायचा, तुटके तुकडे ठोकून बाहेर घ्यायचे आणि नवी पिन घालून सारे उलट क्रमाने बसवायचे. पक्कड आणि हातोडी जवळ असली की पाण्यावर बसूनही हे जमते. घाईत कोणी लोखंडी खिळा ठोकतो. तो तुटत नाही, आणि पुढच्या खडकावर चाकांचे दात जातात. पिन त्याच मापाची आणि त्याच धातूची हवी. दुकानात मिळाली नाही तर जाणते लोक पितळी सळई कापून ती घरीच करतात, आणि करताना एकाऐवजी चार करून हत्यारांच्या डब्यात टाकून ठेवतात.