मामासाहेब दांडेकर

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं मला लिहायला सांगितलं. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. ज्यांच्या पुस्तकावर माझं कीर्तन उभं आहे, त्यांच्याविषयी चार शब्द लिहितो.

सोनोपंत दांडेकर, सगळे त्यांना मामा म्हणत. खरं नाव शंकर वामन. जन्म 1896 सालचा, कोकणातला, केळवे-माहीमचा. गुरू मिळाले जोगमहाराज. जोगमहाराज मूळचे पुण्याचे पैलवान. त्यांनीच 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. ते 1920 साली गेले. तेव्हा मामा ऐन चोविशीत. पुढं अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी गुरूचं काम अंगावर घेतलं.

मामा एसपी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, पुढं तिथंच प्रिन्सिपॉल झाले. ज्ञानदेव आणि परदेशातला प्लेटो यांच्यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. एवढा शिकलेला माणूस, पण वारीत आमच्यासारख्या अडाण्यांच्या बरोबरीनं चालायचा. जूनमध्ये कॉलेज उघडायचं आणि ज्येष्ठात पालखी निघायची. आमची पेरणी आणि वारी एकदमच येते, त्यामुळं ही ओढाताण मला कळते.

लग्न केलं नाही, बायको-पोरं नाहीत. पण मामा म्हटलं की भाचे आलेच, आणि पुण्यात त्यांना भाच्यांची काय कमी! पोट नोकरीवर होतं, कीर्तनावर नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय. तीस वर्षांखाली एका गावात कीर्तनानंतर मला पाकीट दिलं आणि मी घेतलं. त्या साली विहीर आटली होती, कांदा गेला होता, कारण होतंच. घरी येऊन वडिलांपुढं ठेवलं. वडिलांनी पुण्यात मामांचं कीर्तन ऐकलेलं. ते काही बोलले नाहीत, पाकिटाला हातही लावला नाही. उठून गोठ्यात गेले आणि रात्री जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सायकलवर जाऊन ते पाकीट परत देऊन आलो. तेव्हापासून पाकीट नाही.

मामांचं मोठं काम म्हणजे सार्थ ज्ञानेश्वरी, 1953 साली निघाली. ओवीखाली सोप्या मराठीत अर्थ. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. त्याआधी आमच्या गावात ज्ञानेश्वरीचं पारायण व्हायचं, पण अर्थ सांगणारा बाहेरून आणावा लागायचा. वडील मंडईत भाजी विकायला गेले, तेव्हा येताना अप्पा बळवंत चौकातनं ती घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. मी चौथीत होतो. कंदिलाशी बसून मी वाचायचो, ते ऐकायचे. अडलं की दोघंही गप्प बसायचो, मग पुन्हा खालचा अर्थ वाचायचो. माझी शाळा त्या साली सुटली, पण हे वाचन सुटलं नाही.

मामा 1968 साली गेले. माझं दर्शन राहिलं. पुस्तक मात्र अजून आहे. पुठ्ठा दोनदा बदलला, पहिल्या अध्यायाची काही पानं सुटलीत, ती दोऱ्यानं शिवलीत. पुण्याचा मुक्काम हलवून दिंडी दिवेघाट चढायला लागली आणि पाऊस आला, की मी आधी ती पिशवी मेणकापडात गुंडाळतो, मग स्वतःवर खोळ घेतो.