संततिनियमनाचे एकाकी पुरस्कर्ते : र. धों. कर्वे

१९२१ साली मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. फरक एवढाच, की मुंबईतील प्राध्यापकाकडे ना पैसा होता, ना समाजाची सहानुभूती.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. १८९१ मध्ये आई राधाबाईंचे निधन झाले, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. १८९३ मध्ये वडिलांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल कुटुंबाला बहिष्कार सोसावा लागला. रूढीच्या विरोधात जाण्याची किंमत काय असते, हे या मुलाने घरातच पाहिले होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी अध्यापन पत्करले आणि १९१९ मध्ये गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी पॅरिस गाठले. तेथे कामशास्त्रावरील आधुनिक ग्रंथांशी त्यांचा जवळून परिचय झाला. परतले ते वेगळाच ध्यास घेऊन.

त्या काळी सुशिक्षित घरांतही वर्षाआड बाळंतपण ही स्त्रीची नियती समजली जाई. किती मुले व्हावीत हे तिला कोणी विचारत नसे. मूल झाले नाही तर दोष तिचा, आणि मुलीच झाल्या तरी दोष तिचाच. बाळंतपणात दगावलेल्या पत्नीच्या जागी वर्षाच्या आत दुसरी येई. गुप्तरोग पतीकडून पत्नीला होई, परंतु त्याचा उच्चार करण्याची लाज मात्र तिने बाळगायची! शरीराविषयीचे अज्ञान हेच कुलीन स्त्रीचे भूषण मानले गेल्याने डॉक्टरांपुढेही दुखणे सांगितले जात नसे. कर्व्यांचा रोख नेमका येथे होता. संततिनियमनाचा विचार ते केवळ लोकसंख्येच्या हिशोबाने करीत नव्हते. आपल्या देहावर स्त्रीचा हक्क आहे आणि कामसुखावरही तिचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, ही त्यांची भूमिका होती. पहिली गोष्ट काही सुधारकांना कशीबशी पटत असे. दुसरी ऐकताच तेही दूर सरत.

१९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते. मिशनऱ्यांच्या या संस्थेला त्यांचे कार्य मान्य होणे शक्य नव्हते. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, पण केंद्र सोडले नाही. यानंतरची वर्षे ओढगस्तीची गेली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीविना हा संसार आणि हे कार्य, दोन्ही टिकले नसते. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी विचारपूर्वक घेतला होता. त्यासाठीची शस्त्रक्रिया कर्वे यांनी स्वतःवर करून घेतली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुरुषाने असे करणे त्या काळी कल्पनेपलीकडचे होते आणि आजही ते विरळाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, तर ज्यांच्या पतीने ती करून घेतली अशा स्त्रियांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघाले. लैंगिक आरोग्याविषयीच्या वाचकांच्या शंकांना त्यात आडपडदा न ठेवता उत्तरे दिली जात. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्वे यांना शंभर रुपये दंड भरावा लागला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो प्रश्नोत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक प्रश्नांनाच वाहिलेल्या मासिकाकडे वाचक त्याच शंका घेऊन येणार, आणि त्यांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा ठरू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाला तो पटला नाही आणि दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांची या प्रश्नावरील आस्था मात्र वकिलीपुरती नव्हती. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळण्यात आला.

महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. संयम हाच त्यांच्या मते मार्ग होता. कर्वे यांनी या मताचा सातत्याने आणि कठोर शब्दांत प्रतिवाद केला. त्यांच्या लेखणीला मुरवत ठाऊक नव्हती, आणि त्यामुळे मित्र जोडण्यापेक्षा दुरावण्याचेच प्रसंग अधिक आले असावेत. तरीही शकुंतला परांजपे यांच्यासारख्या सहकारी त्यांना लाभल्या. हेच कार्य परांजपे यांनी पुढे पुण्यात केले.

१९४४ मध्ये मालतीबाईंचे निधन झाले. कर्वे एकट्याने मासिक चालवीत राहिले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ते सत्तरीत होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये निघाला.