गुरुजींच्या पगारासाठी बोललेले जोतीराव

जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण पुस्तकात वाचतोच. पण ते स्वतः मास्तर होते, हे फारसे कुणी सांगत नाही. ते आणि सावित्रीबाई, दोघेही शाळेत शिकवत.

१८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्याला लेखी निवेदन दिले. चांगले शिक्षक हवेत तर पगारही चांगला द्या, असे त्यांचे म्हणणे. मास्तराला महिना १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ ते २० द्या. शिक्षक शक्यतो शेतकऱ्यांच्या घरातले अन् ट्रेनिंग झालेले असावेत. ट्रेनिंगमध्ये थोडी शेतीही शिकवावी. गावचे हिशेब, टपाल अशी कामे मास्तरांकडे दिली तर त्यांचा मान वाढेल, असेही त्यांनी सुचवले. (आता शिक्षकच म्हणतात, जादा कामे नकोत!)

१२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी मात्र आयोगाने उचलली नाही. १८९० साली जोतीराव वारले.

पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आपले शिरोळ त्याच संस्थानात होते. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता.